वडिलांची बंदूक आम्हाला नको आहे. बंदूक बाळगणाऱ्यांनीच सांगा, काय करावं?

कुडाळची_लेक

नमस्कार. कायद्याचं वकिलाला विचारणारच आहे, पण इथे बागायतदार आणि परवानाधारक बरेच आहेत, म्हणून हा धागा.

बाबा गेले. त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर (छऱ्याची बंदूक) आहे. आईच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असते. सोबत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात काडतुसं. त्यातली काही इतकी जुनी की त्यांचं कागदी नळकांडं ओलीने फुगलंय. परवान्याची मुदत अजून संपलेली नाही, पण ज्यांच्या नावाचा परवाना तेच नाहीत.

भाऊ मस्कतला, त्याला नको. मी पुण्यात चौथ्या मजल्यावर, मला कशाला हवी? आई गावी एकटी. ती म्हणते, "चोराची भीती नाय वाटत, त्या कपाटाची वाटता."

सल्ले भरपूर मिळाले. चुलतभाऊ म्हणतो, माझ्याकडे ठेव, माकडं हाकलायला होईल (त्याच्याकडे परवाना नाही). गावातले एक पुढारी म्हणतात, पोलीस ठाण्यात देऊन टाका आणि मोकळे व्हा. आणि बाबांचे एक जुने मित्र, त्यांच्याकडे स्वतःची बंदूक आहे, ते ठाण्याचं नाव काढताच उठून गेले. जाताना म्हणाले, "त्यानं चाळीस वर्षं तेल घालून सांभाळलेली वस्तू तुम्ही सडायला टाकणार."

खरं तर याचंच जास्त लागलंय. कागदपत्रांचं काय ते होईल. पण तुम्हा लोकांना हे असं वाटतं का? घरच्यांनी बंदूक काढून टाकली की तुम्हाला तो अपमान वाटतो का?

---

निवांत_नाना

एवढा काथ्याकूट कशाला? अमावास्येच्या रात्री होडीतून जा आणि खाडीत सोडून द्या. लोखंडच ते. कोण विचारतंय?

---

बागवाला_राजापूर

नाना, विचारणारे बरेच आहेत. त्या बंदुकीचा नंबर परवान्यावर आहे, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रजिस्टरला आहे, ठाण्याच्या यादीत आहे, आणि आता संगणकावरही आहे. उद्या निवडणूक लागली की ठाण्यातून माणूस यादी घेऊन दारात येईल, "अण्णांची बंदूक दाखवा." तेव्हा त्या माऊलीने काय खाडी दाखवायची? गंमत म्हणूनही असलं लिहू नका. आमच्याकडे असे सल्ले मनावर घेणारे आहेत.

आता ताई, तुमच्याशी. माझी आंब्या-काजूची बाग आहे आणि घरात बंदूक माझ्या बापापासून आहे. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

नको असलेली बंदूक घरातून काढणं यात अपमान कसला? उलट आम्ही परवानाधारक एकत्र बसलो की एका गोष्टीवर सगळ्यांचं जमतं: ज्याला बंदूक नको आहे त्याच्या घरात ती असू नये. ज्याला आवड नाही तो ती साफ करत नाही, भरलेली आहे का रिकामी ते त्याला ठाऊक नसतं, किल्ली कुठे आहे ते घरातल्या पोरांना त्याच्याआधी ठाऊक असतं. तुमच्या आईला कपाटाची भीती वाटते, ती बरोबरच वाटते.

भांडण आहे ते पुढच्या गोष्टीवर. काढायची म्हणजे कुठे द्यायची? तिथे आमच्यात दोन तट आहेत. एक तट तुमच्या त्या काकांचा. त्यांचा राग समजून घ्या, तो हवेतून आलेला नाही. आमच्याकडे दर निवडणुकीला बंदुका जमा करायची नोटीस येते. सरसकट सगळ्यांच्या जमा करू नका, छाननी समितीने माणूस बघून ठरवा, असं उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, तरी खेड्यात नोटीस येतेच. ऐन मोसमात, माकडं मोहोरावर असताना, बंदूक ठाण्यात. एकदा मी परत आणायला गेलो (कुठल्या ठाण्यात ते विचारू नका), तर मुद्देमालाच्या खोलीत पन्नासेक बंदुका कोपऱ्यात नळी वर करून भिंतीला टेकवलेल्या. प्रत्येकीच्या चापाच्या कडीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर शाईने नाव. वर कौलातून ओल. माझ्या बंदुकीच्या नळीवर सुतळी जिथे घासत होती तिथे तांबूस कडं आलं होतं, ते आजही आहे. पोलिसांचा दोष म्हणून नाही सांगत, त्यांना ती एक नसती ब्याद असते. पण ज्याने ते दृश्य पाहिलंय तो "ठाण्यात देऊन टाका" हे सहज म्हणणार नाही.

तरीही मी दुसऱ्या तटातला, ठाण्यात द्या म्हणणाऱ्यांच्या. लोखंडाला गंज चढला म्हणून कोणी मरत नाही.

आता कामाचं बोलतो. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नाही. माणूस गेला की घरच्यांकडे ती बंदूक परवान्याविना राहिली असंच धरायचं, मग मुदत कितीही शिल्लक असो. कलम २१ सांगतं की बाळगणं कायदेशीर उरलं नाही की विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. म्हणजे जमा करणं ही पहिली पायरी झाली, शेवट नव्हे. जमा केल्यावरही वारसाचा हक्क राहतो. ठरलेल्या मुदतीत परवाना काढून ती परत घेता येते किंवा विकता येते. मुदत टळली की मात्र सरकारजमा. लोक इथेच गडबडतात. "जमा केली" म्हणून विसरून जातात आणि मग म्हणतात पोलिसांनी खाल्ली.

दुकानदाराकडे ठेवली तर तो महिन्याचं भाडं घेतो, पण तेल लावून रॅकला ठेवतो. ज्यांना विकायची आहे त्यांनी तोच मार्ग धरावा असं माझं मत.

चुलतभावाला मात्र ठाम नाही सांगा. एका रात्रीसाठीही नाही. परवान्याशिवाय त्याच्याकडे सापडली तर तो आत जाईल आणि दिली कुणी म्हणून तुम्हालाही ओढतील. शिवाय "माकडं हाकलायला" म्हणणाऱ्याचा हात रानडुकरापर्यंत कधी जातो ते त्यालाही कळत नाही. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुकरावर झाडलीत की ते प्रकरण वेगळंच.

आणि स्वतः हात लावू नका. गाडीत घालून पुण्याला तर मुळीच आणू नका. आधी ठाण्यात लेखी अर्ज: वडील वारले, परवाना क्रमांक अमुक, शस्त्राचा नंबर तमुक, जमा करायचं आहे. सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग ते सांगतील, घेऊन या की आम्ही येतो. तोवर कपाट बंद, किल्ली आईच्या कनवटीला.

---

नेमबाज_मुळशी

राजापूरकरांचं बरंचसं पटलं, पण लोखंडाला गंज चढला म्हणून कोणी मरत नाही, हे जरा जास्त झालं.

ताई, देण्याआधी तुमच्याकडे आहे काय ते तरी बघा. म्हणजे बघायला लावा. नळीच्या बुडाशी छाप असतो. बिहारमधल्या मुंगेरच्या किंवा जम्मूच्या कारखान्याची एकनळी असेल तर बाजारात तिला फारसं कोणी विचारत नाही, खरं सांगायचं तर विकण्याची धावपळच महाग पडेल. पण एखाद्याच्या आजोबांनी संस्थानाच्या काळात घेतलेली ग्रीनर किंवा वेब्ली स्कॉटसारखी विलायती बंदूक निघते, आणि घरचे ती भंगार समजून देऊन मोकळे होतात. विदेशी बंदुका आयात करणं सामान्य माणसाला १९८० च्या दशकापासून जवळपास बंदच आहे. जे आहे ते देशात आधीपासून असलेलंच फिरतं. ती एकदा सरकारजमा होऊन मोडीत गेली की संपली.

जुन्या विलायती बंदुकांचं अजून एक. त्यातल्या बऱ्याचशांचं काडतूस बसायचं घर अडीच इंची काडतुसाचं असतं आणि आजचं काडतूस पावणेतीन इंची. बसतं, म्हणून लोक उडवतात. बसणं वेगळं, झेपणं वेगळं. त्यामुळे "एकदा चालते का बघू" म्हणून कुणी बार काढायला निघालं तर हात धरा.

वारसाने परवाना काढावा या मताचा मी आहे. २०१६ च्या नियमांत त्याची वेगळी तरतूद आहे. परवानाधारक गेल्यावर वारसाला अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडून. एवढंच काय, माणूस जिवंत असतानाही, त्याने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं असेल, तर तो वारसाच्या नावे करून देऊ शकतो. मस्कतच्या भावाला एकदा नीट विचारा. आज नको म्हणणारा माणूस पन्नाशीत गावी परततो, तेव्हा बापाची वस्तू हवीशी वाटते.

मी हे अनुभवाने बोलतोय. डिसेंबर २०१९ ला कायदा बदलला आणि तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आली. तिसरं वर्षभरात काढा. नेमबाजांना सवलत होती, पण आमचे मामा काही नेमबाज नव्हते. तिघींतली कोणती द्यायची यावर त्या माणसाने जेवण सोडलं होतं. शेवटी वडिलांची ठेवली आणि स्वतः घेतलेली चांगली, नवी दुनळी विकली. पैशाच्या हिशेबाने उलटंच केलं म्हणा. मी तेच केलं असतं.

---

डॅलसकर

इथलं सांगतो, तुलनेला. टेक्ससमध्ये वडिलांची रायफल मुलाकडे जायला साधारणपणे परवाना वगैरे लागतच नाही, त्यामुळे प्रश्न कायद्याचा कमी आणि घरातला जास्त. विधवा बायका, घर विकायला आलेली मुलं, तळघरात सहा-सात बंदुका, आणि कोणालाच नको.

इथे काही शहरांत पोलीस किंवा चर्चवाले "आणून द्या, प्रश्न विचारणार नाही, बदल्यात गिफ्ट कार्ड घ्या" असे दिवस ठेवतात. मी ज्या नेमबाजीच्या रेंजवर जातो तिथल्या मंडळींना त्याचा भयंकर तिटकारा. त्यांच्या म्हणण्यानुसार तिथे येतात ती मोडकी खेळणी, नाहीतर एखाद्या आजोबांनी महायुद्धातून आणलेलं जर्मन पिस्तूल, जे हजारो डॉलरचं असतं आणि शंभराच्या कार्डावर जातं. काही जण तर रांगेबाहेर रोख पैसे घेऊन उभे राहतात, "पोलिसांपेक्षा जास्त देतो" म्हणत. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात एक पठ्ठ्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग पोतंभर घेऊन गेला आणि एकवीस हजार डॉलरची कार्डं घेऊन आला. नंतर नियम बदलावे लागले.

पण दुसरी बाजूही आहे. जमा झालेल्या बंदुका "नष्ट" केल्या असं सांगितलं जातं, आणि २०२३ च्या अखेरीस उघड झालं की काही ठिकाणी फक्त नंबर असलेला मुख्य सांगाडा चिरडत होते, बाकी नळी, दस्ता, स्प्रिंगा सुट्या विकल्या जात होत्या. ज्या बाईने नवऱ्याच्या आत्महत्येनंतर ती वस्तू जगात राहूच नये म्हणून आणून दिली, तिची ही फसवणूकच की.

रेंजवरच्या एका म्हाताऱ्याला मी तुमच्यासारखंच विचारलं होतं. तो बंदूक बाळगण्याच्या हक्कावर तासभर भांडणारा गडी. म्हणाला, घरात कोणी खचलेलं असेल तर किमतीचा विचार करू नकोस, आजच्या आज बाहेर काढ, नंतर काय ते बघू. त्यावर तिथे एकानेही वाद घातला नाही.

---

गावठी_वकील_नाही

थोडं विषयांतर. आमच्या माळ्यावर पणजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक आहे. परवाना कोणाच्याच नावावर कधी नव्हता. ताईंचं निदान कागदावर तरी आहे. आम्ही काय करावं? पोलिसांत नेली तर आम्हालाच धरतील या भीतीने तिसरी पिढी गप्प आहे.

---

मेलबर्नची_मावशी

ऑस्ट्रेलियात यासाठीच १ जुलै २०२१ पासून कायमची माफी आहे. नोंद नसलेली बंदूक पोलिसांकडे किंवा दुकानात नेऊन द्या, नेल्याबद्दल खटला नाही. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या, तरी माळ्यावरच्या निघायच्या राहिल्याच होत्या. तुमच्याकडचं तिथल्यांनीच सांगावं.

---

बागवाला_राजापूर

ठासणीवाल्या भाऊंना: इथे खुल्या जागेत जेवढं लिहिलंत तेवढं पुरे. तालुक्याच्या कोर्टातला फौजदारी वकील गाठा आणि वकिलामार्फतच अर्ज जाऊ द्या. स्वतः पोत्यात गुंडाळून एसटीने नेऊ नका. आणि तोवर तिच्यात जुनी दारू ठासलेली नाही असं धरून चालू नका. ठासणी पन्नास वर्षं भरलेली राहू शकते. वरून बघून काही कळत नाही.

मुळशीकर, मामांचं वाचून बरं वाटलं. पण तुम्ही ताईंना भावाच्या पन्नाशीपर्यंत थांबायला सांगताय. तोवर कोणी तेल घालायचं?

---

कुडाळची_लेक

सगळ्यांचे आभार. नाना वगळून :)

घडलेलं सांगते. राजापूरकरांचं वाचून मी त्या काकांनाच फोन केला. म्हटलं, काका, तुम्हीच एकदा येऊन बघा, आम्ही कोणी हात लावलेला नाही. लगेच आले. आईने किल्ली दिली. त्यांनी खिडकीकडे जाऊन खटका दाबून बंदूक मधून वाकवून उघडली, रिकामी होती. मग नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बराच वेळ आत बघत राहिले. म्हणाले, "एक डाग नाय गो." छाप मुंगेरचाच निघाला. काडतुसांतली चांगली वेगळी काढली, खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' छापाची, चार नंबर छऱ्याची. फुगलेली वेगळी.

मग मी धीर करून विचारलं, काका, तुम्हाला सडवायची नाहीये, तर तुम्हीच घ्या ना विकत. परवान्यावर दुसरी बसते म्हणतात.

ते काहीच बोलले नाहीत. आईने चहा आणला. चहा घेताना म्हणाले, "माझीच कोणाक देव ता माका कळत नाय." त्यांचा मुलगा ठाणे शहरात बँकेत. सून म्हणाली आहे की ती वस्तू घरात आली तर मी माहेरी जाईन. आणि काकांचं वय ब्याहत्तर.

म्हणजे ते माझ्यावर चिडले नव्हतेच बहुतेक.

भावाशी बोलले. तो नको म्हणाला, स्पष्ट. विचार करून म्हणाला, म्हणून मला पटलं. आता अर्ज द्यायचाय. ठाणं की दुकान, एवढंच ठरवायचं आहे. आई म्हणते जे लवकर होईल ते.

---

बागवाला_राजापूर

मग ठाणं. आई म्हणते तेच बरोबर. दुकान जिल्ह्याच्या गावाला, तिथवर न्यायला परवानगीचा कागद, त्यात दिवस जातील. ठाण्यात जमा करा आणि त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत दुसरा अर्ज टाका की वारस परवाना घेणार नाहीत, विक्रीची परवानगी द्यावी. घेणारा मिळेल. आमच्या पट्ट्यात शेतीसंरक्षणाचा परवाना मंजूर झालेले आणि नवी बंदूक परवडत नाही म्हणून थांबलेले बागायतदार आहेत. डाग नसलेली मुंगेरची एकनळी त्यांना सोन्यासारखी. एका माणसाने दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकायची तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला आगाऊ लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, ते धरून चला. घेणाऱ्याचा मूळ परवाना डोळ्यांनी बघा, फोनवरचा फोटो नको, आणि त्यावर यूआयएन नंबर (परवानाधारकाचा देशभराच्या नोंदीतला क्रमांक) आहे का तेही बघा. पैसे किती येतील हा विचारच करू नका, फार येणार नाहीत.

काकांना निरोप द्या. सत्तरीनंतर वारसाच्या नावे करता येते हे मुळशीकरांनी लिहिलंय, पण वारस म्हणजे मुलगाच असं नाही. माझ्या दोन्ही मुलांनी नको म्हटलं. बाग धाकटी लेक बघते, तिनेच अर्ज केला, पोलीस पडताळणीला आलेले हवालदार दोनदा विचारून गेले की "बाई, तुम्हीच का?" परवाना तिच्या नावे झाला. काकांना लेक किंवा नात असेल आणि ती गावात असेल, तर विचारायला काय हरकत आहे? नसेल तर त्यांनीही ठरवावं, हातपाय चालताहेत तोवर. मागे राहिलेल्यांना मग असे धागे काढावे लागत नाहीत.

ठाण्यात जाताना एवढं बघा: पावतीवर "एक बंदूक" असं मोघम लिहून घेऊ नका. एकनळी, बारा बोअर, कारखान्याचं नाव, नळीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळवून, सगळं पावतीवर. फुगलेली काडतुसंही त्यांच्याच हवाली करा. चुलीत नाही, विहिरीत नाही, पोरांना खेळायला तर नाहीच. त्यांची संख्या आकड्यात आणि अक्षरी दोन्ही लिहून घ्या. काकांना सोबत न्या. नंबर कुठे कोरलेला असतो ते त्यांना अंधारातही सापडेल.